आबांच्या नावावर एकशे बारा फोन

लग्नात नवरा-नवरीनंतर सगळ्यात जास्त चौकशी कुणाची होत असेल, तर ती माझी. माझी म्हणजे माझ्या पासवर्डची. लोक कार्यालयात येतात, पाहुण्यांना राम राम घालतात, मनगटावर अत्तर लावून घेतात आणि दुसऱ्याच मिनिटाला शेजारच्याला विचारतात, "हितं वायफाय हाय का वो?" ते वायफाय बसवणारा माणूस मी. सांगलीत विश्रामबागेत माझं लहानसं दुकान आहे. दुकान आता माझी सून शबाना बघते आणि मी फक्त तक्रार आली की जातो, कारण भांडायला उभ्या राहिलेल्या माणसाला समोर पांढरी दाढी दिसली की त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

आमच्या घराचं लग्नांशी जुनं नातं आहे. माझे वडील वरातीला गॅसबत्त्या भाड्याने देत. मी हाताशी आलो तोवर गावोगाव वीज पोचली होती, म्हणून मी कर्णे आणि माइक घेतला. "वधूच्या मामांनी वधूला घेऊन यावे" हे पलूस, तासगाव, मिरज भागातल्या कितीतरी जोडप्यांनी माझ्या आवाजात ऐकलेलं आहे. पुढे डीजेवाले आले, माझा आवाज त्यांच्यापुढे चिरकायला लागला आणि मी तारांच्या धंद्यात शिरलो. वडिलांनी उजेड दिला, मी आवाज दिला, आणि आता मी जे देतो ते ना दिसतं ना ऐकू येतं. पण ते बंद पडलं की जो आरडाओरडा होतो तो बत्ती विझल्यावरही होत नसे.

धंद्याबाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. कार्यालयाच्या छताला पांढऱ्या थाळीसारखी दोन-चार यंत्रं दिसतात, ती माझी. सजावटवाल्याला ती विद्रूप वाटतात, म्हणून तो त्यावर झेंडूच्या माळा आणि चंदेरी कापड सोडतो आणि मग "रेंज येईना" म्हणून मलाच फोन येतो. आचारी मठ्ठ्याचं मशीन लावायला नेमका माझाच प्लग काढतो. एकदा तर जेवणाच्या पंगतीत नेट गेलं, म्हणून मी सांगलीहून धावत गेलो, तर माझ्या डब्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. डबा गरम असतो, टॉवेल लवकर वाळतो, हे त्या पाहुण्यानं बरोबर हेरलं होतं. मला त्याचा राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं.

आता मुद्द्याची गोष्ट. फुकटच्या वायफायला फोन जोडला की त्याची नोंद होते. कुठल्या नंबरवरून जोडला, किती वाजता, फोनचं नाव काय आणि त्यावर कुठली साइट उघडली. आत काय वाचलं, काय लिहिलं ते मला दिसत नाही. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र दिसत नाही, तसंच. मी आयुष्यभर हे लोकांना सांगत आलो आणि लोक निर्धास्त होत. मीही निर्धास्त होतो. पण नुसत्या पत्त्यावरून पोस्टमनला गावाचं किती कळतं, हे मी कधी पोस्टमनला विचारलं नव्हतं.

पलूसच्या बाहेर रस्त्याला लागून विलासरावांचं मंगल कार्यालय आहे. उसाच्या रानातला कडेचा तुकडा मोकळा करून त्यांनी ते बांधलं. माणूस उमदा, हात सैल, पण पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आला की चार दिवस त्याला नवीन शब्दांचा ताप चढलेला असतो. अशाच एका तापात त्यांनी मला बोलावलं.

"भाई, आपल्याला डेटा गोळा करायचाय."

"कशाला?"

"आता बघा. एका लग्नाला हजार माणूस येतंय. त्यातल्या निम्म्यांच्या घरात कुणाचं ना कुणाचं लगीन ठरायचं हाय. ही माहिती कुणाला पायजे? फोटोवाल्याला पायजे, मांडववाल्याला पायजे, सोनाराला पायजे, सूचक मंडळाला पायजे. आपुन फुकट नेट देतूय. त्यांनी नुसतं नाव-गाव टाकायचं. बिघडलं कुठं?"

बिघडलं कुठं ते मलाही कळलं नाही. उलट काम नवीन होतं आणि मला नवीन कामाची हौस. मी असं झकास पान तयार केलं की फोन जोडला की ते आपोआप उघडावं. वर गणपती, कडेनं उडणाऱ्या अक्षता. खाली नाव, गाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख, वधूपक्ष की वरपक्ष, आणि शेवटी "घरात लग्नाचे कोणी आहे का?" नंबर खरा आहे का हे बघायला त्यावर चार आकडी ओटीपी जायचा. तळाला मुंगीएवढ्या अक्षरात "माझी माहिती इतरांना देण्यास माझी संमती आहे", आणि त्यापुढच्या चौकटीत खूण आधीच केलेली. ती काढायची तर आधी ती शोधावी लागे. ही अक्कल विलासरावांची नव्हे, माझी. त्यावरही कडी म्हणजे मी त्यांना महिन्याच्या यादीत एक जादा रकाना काढून दिला. कोण कुठल्या साइटवर गेलं होतं, त्याचा.

शबानानं ते पान बघितलं आणि म्हणाली, "अब्बा, आपल्या घरातल्या बायकांचे नंबर तुम्ही असे कुणाला द्याल का?"

मी म्हणालो, "बेटी, हा धंदा आहे."

ती बिलं फाडत बसली.

त्याच हंगामात विलासरावांचा फोन आला की यंत्र बिघडलंय. कार्यालयात साताऱ्याकडच्या, जावळीतल्या मेढ्याच्या बाजूच्या पाहुण्यांचं लग्न होतं. नवरी पलूसची, नवरा लष्करात, वऱ्हाड दोन बसगाड्या भरून आलेलं. "भाई, सकाळपासनं शंभरएक फोन जोडल्यात आणि नाव एकाच माणसाचं येतंय. सुभेदार. वय एकोणऐंशी."

मी जाऊन बघितलं तर यंत्र ठणठणीत होतं. वधूच्या खोलीच्या दाराशी एक मोठा कूलर होता, त्याच्यासमोर खुर्ची टाकून गुलाबी फेट्यातले एक आजोबा ताठ बसले होते. नवऱ्या मुलाचे आजोबा. निवृत्त सुभेदार, सगळे त्यांना आबा म्हणत. हातात बटणांचा जुना फोन. तो टुणटुण वाजला की आबा चष्मा वर सरकवायचे आणि कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात आकडे पुकारायचे, "चार. सात. शून्य. दोन. कुणाचा हाय ह्यो?" मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी हात वर करायचं.

झालं होतं असं. वऱ्हाड उतरल्यावर पोरीबाळींनी वायफाय उघडलं, तेव्हा नवऱ्या मुलाचे वडील हणमंतराव गरजले होते, "बायकापोरींचे नंबर कुठं बी द्यायचे न्हाईत. समद्यांनी आबांचा नंबर टाका." लग्नपत्रिकेवर सगळ्या भावकीच्या वतीनं वडीलधाऱ्याचं नाव छापतात, त्याच न्यायानं फॉर्मवर वडीलधाऱ्याचा नंबर. मग काय, पोरांनीही तेच केलं. एका नंबरापुढे पहिल्यांदा जे नाव आणि जन्मतारीख भरली, तीच माझं पान पुढच्या प्रत्येक फोनला आपोआप लावायचं, आणि एका नंबरवर एकच फोन अशी अट मी घातलीच नव्हती. अशी वेळ येईल असं मनातही आलं नव्हतं. दुपारपर्यंत आबांच्या नावावर एकशे बारा फोन जोडले गेले. माझ्या नोंदीप्रमाणे एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस एकाच वेळी कुस्ती बघत होता, केस सरळ करायचं यंत्र शोधत होता, बारावीचा निकाल बघत होता आणि मेंदीची नक्षी उतरवून घेत होता.

मी हसत हसत त्यांच्या शेजारी टेकलो. ओळखपाळख झाली. तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. आत नवरी उभी होती, स्नेहल. सकाळची हळद तिच्या कोपरापर्यंत पिवळी होती आणि हातातल्या फोनच्या कडेलाही लागली होती.

"आबा, ओटीपी आलाय का वो?"

आबांनी फोन डोळ्यांसमोर धरला, छाती भरून श्वास घेतला.

"हळू सांगा," ती घाईनं म्हणाली.

"का गं?"

ती क्षणभर माझ्याकडे बघून थांबली. मग बहुधा म्हातारी माणसं आहेत म्हणून बोललीच. "पोलिस भरतीचा फॉर्म हाय. समदा भरलाय, निस्तं शेवटचं बटण दाबायचं राहिलंय. तीन दिस साइट बंद हुती. आज शेवटची तारीख हाय आन् खोलीत रेंज न्हाई. मामंजींना म्हाईत न्हाई, आबा."

मामंजी म्हणजे हणमंतराव. लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मुलीनं नोकरी करायची नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच बघितलं की आबांनी त्या पोरीकडे पुरतं बघून घेतलं, मग मांडवात लेक कुठे आहे ते बघितलं, आणि हयातीत कधी बोलले नसतील इतक्या बारीक आवाजात चार आकडे सांगितले. ती दार लावून आत गेली. पाच मिनिटांनी दार पुन्हा किलकिलं झालं. तिनं नुसती मान हलवली. आबांनीही हलवली. मला उगाच भरून आलं, पण अक्षता पडायच्या आधी भरून यायची मला जुनीच खोड आहे.

लग्न छान लागलं. मी जेवून निघालो आणि विसरून गेलो.

विसरलं नाही ते यंत्र. महिनाअखेरीस यादी विलासरावांकडे गेली, त्यांच्याकडून ज्याच्या त्याच्याकडे. मग मेढ्याकडे आबांचा फोन वाजायला लागला. लेहेंगे भाड्याने देणारे, नव्या जोडप्यांना महाबळेश्वर दाखवणारे, केस गळती थांबवणारे. आबांना फोनवर बोलायची हौस आणि समोरच्याला मान द्यायची सवय, त्यामुळे ते सगळ्यांशी नीट बोलत. एका वधूवर सूचक मंडळातून एक बाई रोज फोन करू लागल्या. आबा विधुर. बाईंनी वय विचारलं, आबांनी खरं सांगितलं. बाई डगमगल्या नाहीत, अपेक्षा काय म्हणाल्या. आबा म्हणाले, "सकाळी च्या टायमाला मिळावा, आन् चष्मा कुठं ठेवलाय ते सांगावं." हे हणमंतरावांच्या बायकोनं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत आळीत बोभाटा झाला की सुभेदार पुन्हा बोहल्यावर चढणार.

इथवर सगळी गंमतच होती. पण त्या जादा रकान्याची एक प्रत भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकादमीकडेही गेली होती. तिकडून फोन आला तेव्हा आबा अंघोळीला गेले होते आणि फोन हणमंतरावांनी उचलला. पलीकडचा माणूस पोपटासारखा बोलला, "सर, आपल्याकडून लग्नाच्या कार्यालयातून पोलिस भरतीची साइट उघडली गेलीय, म्हणजे फॉर्म भरलाच असणार. मैदानी चाचणीसाठी मुलींची वेगळी बॅच आहे."

दुसऱ्या दिवशी हणमंतराव पलूसला विलासरावांच्या ऑफिसात हजर. बरोबर आबा. का आणलं म्हणाल तर नंबर आबांचा, म्हणून नोंद मागायचा हक्कही आबांचा, एवढा कायदा विलासरावांनी फोनवर सांगितला होता. आणि मला बोलावणं, कारण लॅपटॉपवर फोनाफोनाची नोंद उघडायची मला एकट्यालाच माहीत.

मी गेलो तेव्हा हणमंतराव येरझाऱ्या घालत होते. उंच, दणकट माणूस. गावात दहा जणांत शब्दाला किंमत असलेला. "भाई, मला एवढंच सांगा. ह्यो फॉर्म कुणाच्या फोनवरनं गेला? नवी सून असंल तर आजच्या आज तिला माहेरी आणून सोडतो. बैठकीत शब्द दिलाय तिच्या बापानं. लेकाला बी काय कळवायचं ते कळवतो."

मी लॅपटॉप उघडला. फोनला लोक नाव देतात, हे सांगितलंच. त्या यादीत 'दादा किंग' होता, 'एकटा वाघ' होता, 'मम्मीचा फोन' होता. खाली खाली येत मी त्या तारखेला, त्या वेळेला पोचलो. आणि भरतीच्या साइटसमोर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, 'स्नेहल'.

पडदा माझ्याकडे होता. हणमंतराव टेबलाच्या पलीकडे. चार पावलं चालून इकडे आले असते की संपलं. त्या पोरीचा संसार दोन महिन्यांचाही झाला नव्हता आणि तो मोडायला लागणारा पुरावा मीच रकाना आखून, सुबक करून तयार ठेवला होता. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. पत्ताच तर दिसतो, आतलं पत्र कुठे दिसतं, हे मी किती तोऱ्यात सांगत फिरलो होतो.

"बोला की भाई," हणमंतराव म्हणाले.

"त्यास्नी काय इचारतूस?" आबा खुर्चीतून म्हणाले. "मी भरला फॉर्म."

हणमंतराव गर्रकन त्यांच्याकडे वळले.

"आबा, कायबी काय बोलताय? पोलिस भरतीचा फॉर्म?"

"व्हय. लष्करात मोप वर्सं काढली. म्हटलं, आता पोलिसात बघावं."

"एकोणऐंशीव्या वर्षी?"

"वयाची अट बारीक अक्षरात हुती. चष्मा सापडत नव्हता."

विलासरावांनी तोंडाला रुमाल लावला. हणमंतराव माझ्याकडे वळले. "भाई, तुमच्या यंत्रात काय हाय ते सांगा. यंत्र खोटं बोलत न्हाई."

मी आयुष्यात धंद्यात खोटं बोललेलो नाही. दुपारी बसवतो म्हणून संध्याकाळी गेलो असेन, ते धरत नाही. मी पडद्याकडे पुन्हा बघितलं. पहिला रकाना नंबरचा, दुसरा नावाचा. दोन्हींत आबाच होते. मी पान बनवलं तेव्हा माणसाची ओळख म्हणजे त्याचा नंबर, असंच ठरवलं होतं. ती माझी चूक त्या दिवशी देवासारखी धावून आली.

"नंबर आबांचा," मी म्हणालो. "नाव आबांचं. जन्मतारीख आबांची. वरपक्ष. यंत्राच्या हिशेबानं त्या दिवशी जे जे बघितलं ते सगळं आबांनीच बघितलं."

हे अक्षर न अक्षर खरं होतं. एवढं बोलून मी लॅपटॉप मिटला, आणि तो जरा जास्तच घाईनं मिटला हे हणमंतरावांना दिसलं असणार. माणूस काही बुद्दू नव्हता.

"आबा," ते खाली बसत म्हणाले, "तुमी कुणाला तरी पाठीशी घालताय."

"घालतूयच," आबा म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नाही. "पत्रिकेवर समद्यांच्या वतीनं माझं नाव छापलंस, तवा मला इचारलं हुतंस? न्हाई. मांडवात समद्यांनी माझा नंबर टाका म्हनून तूच वरडलास. मग त्या दिशी त्या नंबरावर जे झालं ते माझं. चांगलं बी माझं, वंगाळ बी माझं. आता ज्याला कुणाला माहेरी सोडायचंय, त्याची सुरवात माझ्यापासनं कर. माझं माहेर कुठं हाय तेवढं मला सांग, म्हंजे पिशवी भरतो."

चहा आला, तो निवला. शेवटी हणमंतराव उठले आणि म्हणाले, "चला आबा, दिस बुडायच्या आत घरला पोचाय पायजे." दाराशी गेल्यावर आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "भाई, त्या डब्यात अजून कुणाकुणाचं काय काय हाय?"

"लय जणांचं हाय, आबा."

"मग त्ये कुणासाठी राखून ठिवलंय?"

ते गेल्यावर मी विलासरावांना म्हणालो, मी हे सगळं पुसणार. ते म्हणाले, भाई, हंगामाची कमाई आहे ती. मी म्हणालो, तुमच्या धाकट्या लेकीचा नंबरही त्यात आहे, मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीच्या लग्नाला ती इथेच होती, कुठल्या साइटवर गेली होती ते वाचून दाखवू? विलासराव पाणी प्यायले. मग म्हणाले, "पुसा. समदं पुसा. मला दावू बी नगा." हे मी तसं धमकावून करून घेतलं, पण त्याचं मला काही वाटत नाही.

त्या दिवसापासून त्या कार्यालयात नाव-गाव विचारणारं पान नाही. "अन्न वाया घालवू नका" या पाटीखाली पासवर्ड रंगवलेला आहे आणि जुनी नोंद यंत्र आपली आपणच पुसून टाकतं. जिथे नोंद ठेवणं भाग असतं तिथे मी गरजेपुरती ठेवतो आणि चौकट कोरी ठेवतो, खूण ज्याची त्यानं करावी. शबानाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "चहा ठेवू का?" सुनेकडून याहून मोठी शाबासकी मला मिळालेली नाही. पण आधीच बाहेर गेलेल्या याद्या मला परत आणता आल्या नाहीत. कुणाकुणाच्या घरी त्यामुळे काय काय झालं असेल, याचा विचार आला की जेवण गोड लागत नाही.

आता त्या पोरीचं सांगतो. परत जाताना गाडीत बापलेकांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आबांनी मला फोनवर एवढंच सांगितलं की हणमंता आठ दिवस कुणाशी बोलला नाही, नवव्या दिवशी पहाटे त्यांनी अंगणात बघितलं तर स्नेहल बूट घालत होती आणि हणमंता तिला सांगत होता, चढावर पळ, उतारावर गुडघे जात्यात. आबा स्वतः शिट्टी घेऊन कट्ट्यावर बसायचे. मेढ्याच्या त्या रस्त्यांवर जी पळेल तिला सांगलीचं मैदान म्हणजे अंगणच.

मैदानी चाचणी सांगलीत होती. आदल्या दिवशी दुपारी तिघंही आमच्या घरी आले, कारण आबांनी मला आधीच बजावलं होतं, सांगलीत आपलं असं तुमचंच घर. माझ्या बायकोनं स्नेहलला रात्री लवकर झोपवलं आणि पहाटे अंडी उकडून दिली. हणमंतराव चहा घेताना म्हणाले, "वैनी, दोन जास्त द्या, पळायचंय तिला." माझी बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली की हा माणूस तर चांगला आहे. मी म्हणालो, आहेच.

मैदानाच्या फाटकाबाहेर आईबापांची ही गर्दी. हणमंतराव पुढे घुसून जाळीला चिकटून उभे. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात सुनेच्या चपला, कारण शर्यतीत बूट नको म्हणून ती अनवाणीच पळणार होती. आठशे मीटरला ती उभी राहिली तेव्हा त्यांनी चपला काखेत मारल्या आणि दोन्ही हातांनी जाळी धरली. पहिल्या फेरीत ती पाचवी-सहावी होती. हणमंतराव पुटपुटत होते, "दम राख, दम राख." दुसऱ्या फेरीत एकेक मुलगी मागे पडायला लागली, आणि मग त्या माणसाचा असा काही आवाज लागला की माझे जुने कर्णे आठवले. ती दुसरी आली. घामाघूम होऊन फाटकाबाहेर आली, तर यांनी वेळ विचारली नाही, नंबर विचारला नाही. खाली वाकून चपला तिच्या पायांसमोर ठेवल्या आणि म्हणाले, "माती तापलीया. आधी पायात घाल."

लेखी परीक्षाही तिनं दिली, आणि निवड यादीत तिचं नाव लागलं. मेढ्याला पेढे वाटले, तेव्हा मी आणि शबाना दोघं गेलो होतो. अंगणात सतरंज्या, लष्करातून सुट्टीवर आलेला नवरा पाहुण्यांना पाणी देत होता, स्नेहलच्या माहेरची माणसं ओट्यावर बसली होती. हणमंतरावांनी मला हाताला धरून मधोमध नेलं. सगळं गाव ऐकत होतं.

"ह्ये सांगलीचे भाई. ह्यांच्या वायफायवरनं फॉर्म गेला आमचा. लग्नाच्या दिवशी, हळदीच्या अंगानं. मीच म्हटलं हुतं पोरीला, आज शेवटची तारीख हाय, लगीन राहू दे बाजूला, आधी फॉर्म भर. काय भाई, खरं का न्हाई?"

स्नेहल मान खाली घालून पेढ्यांचा पुडा सोडत होती. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आता काय म्हणतोस म्हणून. खरं काय ते सांगणारी नोंद जगात एकच होती आणि ती मी माझ्या हातानं पुसलेली होती. आपल्या कामाचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"व्हय," मी म्हणालो, "तुमीच सांगितलं हुतं."